काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नका : कोल्हापूर जिल्ह्यातील पशुवैद्यकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व खासगी व शासकीय पशुवैद्यक

माहितीसाठी प्रत : मा. कुलगुरू, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, नागपूर; मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

सन्माननीय डॉक्टर,

मी कोल्हापूरचा रहिवासी असून माणसांच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला तंत्रज्ञ आहे. शस्त्रक्रियेनंतर आलेला मांसाचा तुकडा फॉर्मॅलिन या कुजू न देणाऱ्या द्रवातून काढून मेणात बसवायचा, त्याचे पातळ काप घ्यायचे, ते रंगवायचे आणि काच डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची, हेच काम मी नोकरीत केले. त्या कामाच्या आधारे आणि घरात कायम कुत्री-मांजरे असलेला माणूस म्हणून मी आपल्याला एकच विनंती करीत आहे. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या अंगावरून आपण जी गाठ काढता, ती प्रत्येक वेळी तपासणीला पाठवावी आणि तिचा निष्कर्ष जिल्ह्याच्या एका सामाईक नोंदवहीत उतरवावा.

राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत आणि गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंत पाळीव प्राण्यांचे दवाखाने आता सहज सापडतात. पूर्वी जनावरांचा दवाखाना म्हटला की गाय, म्हैस आणि बैल डोळ्यांसमोर येत. आज त्याच बाकावर लोक मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. लसी वेळेवर मिळतात, खाणे सुधारले आहे, त्यामुळे पाळीव प्राणी पूर्वीपेक्षा जास्त जगतात. आणि वय वाढले की कर्करोगाची शक्यता वाढते, हे माणसाइतकेच त्यांनाही लागू आहे. दहा वर्षांपुढच्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कर्करोग होतो, असा अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा तिकडचा आहे. आपल्या जिल्ह्याचा आकडा कोणालाही सांगता येणार नाही, कारण इथे काढलेल्या गाठी एकत्र नोंदवणारी वहीच नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या लॅब्रॅडोर कुत्रीच्या स्तनाला गाठ आली. ती काढली, जखम भरली आणि सगळे निश्चिंत झाले. पुढे दुसऱ्या बाजूला गाठ आली, तीही काढली. दोन्ही वेळा ती गाठ कसली होती हे कोणी पाहिले नाही. नंतर कुत्रीला धाप लागू लागली, क्ष-किरण तपासणीत फुप्फुसे ठिपक्यांनी भरलेली दिसली, आणि मग करण्यासारखे काही उरले नाही. त्या डॉक्टरांचा हात उत्तम होता, शस्त्रक्रियेत कसलीही कसूर नव्हती. परंतु पहिलीच गाठ तपासली असती, तर ती कोणत्या प्रकारची आहे, काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोहोचल्या आहेत की नाहीत, काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीका ग्रंथी पाहायला हव्यात का, हे प्रश्न वेळेवर विचारता आले असते. कुत्रीच्या स्तनातील गाठींपैकी साधारण निम्म्या घातक निघतात, तर मांजरीच्या बाबतीत हे प्रमाण ऐंशी ते नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. नुसत्या बोटांनी चाचपून हा फरक ओळखता येत नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

एका प्राण्याच्या उपचाराइतकेच महत्त्व नोंदीलाही आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. मांजरांच्या कर्करोगाच्या संशोधनातील दोन मोठे शोध दवाखान्यातील आणि प्रयोगशाळेतील साध्या निरीक्षणातून लागले आहेत. पहिला शोध स्कॉटलंडमधील ग्लासगोचा. तिथल्या एका खासगी पशुवैद्यकाच्या लक्षात आले की, एकाच घरातील अनेक मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कर्करोग, होतो आहे. त्याने ही गोष्ट विद्यापीठातील विल्यम जॅरेट यांच्या कानावर घातली. जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये अशा मांजरांच्या गाठीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण पाहिले. तोच मांजरांचा ल्युकेमिया विषाणू. तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच भांड्यात खाण्यातून पसरतो, हे पुढे सिद्ध झाले. रक्ततपासणी आली, बाधित मांजर वेगळे ठेवण्याची पद्धत आली, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत लसही आली. कर्करोगाविरुद्धच्या इतक्या मोठ्या यशाची सुरुवात एका डॉक्टरने ‘हे मी याच घरात आधीही पाहिले आहे’ असे लक्षात ठेवण्यापासून झाली. जिथे एकच डॉक्टर सगळी मांजरे पाहतो तिथे स्मरणशक्ती पुरते. कोल्हापुरात एका घरातील एक मांजर एका दवाखान्यात आणि दुसरे दुसऱ्याच दवाखान्यात जाते; अशा ठिकाणी हे काम वहीलाच करावे लागेल.

दुसरा शोध अधिक अवघड होता, कारण तो आपल्याच हातून होणाऱ्या उपचाराविषयी होता. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात १९८७ मध्ये मांजरांना रेबीजची लस देणे सक्तीचे झाले. त्यानंतर काही वर्षांत तिथल्या विद्यापीठाच्या पॅथॉलॉजी विभागात मांजरांच्या फायब्रोसार्कोमाचे (तंतुमय ऊतींच्या कर्करोगाचे) नमुने वाढू लागले, आणि त्या गाठी नेमक्या लस टोचण्याच्या जागी, खांद्यांच्या मध्ये येत असल्याचे दिसले. १९९१ मध्ये हेंड्रिक आणि गोल्डश्मिट यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. ही गाठ दुर्मीळ आहे. दहा हजार लसींमागे एखादी, असे तिचे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तरी या एका निरीक्षणामुळे लस टोचण्याची जागा बदलली: ती पायाच्या खालच्या भागात द्यावी, म्हणजे गाठ आलीच तर पाय काढून मांजर वाचवता येईल, असा सल्ला दिला जाऊ लागला. यातून कोणीही रेबीजची लस टाळण्याचा अर्थ काढू नये. आपल्या देशात रेबीजने माणसे मरतात, आणि लसीचा लाभ या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. माझा मुद्दा असा की, त्या गाठी प्रयोगशाळेत जात होत्या म्हणून हा धोका कळला आणि कमी करता आला. त्या कचऱ्याच्या पिशवीत गेल्या असत्या तर अशा मांजरांचा मृत्यू प्रत्येक घराला आपलेच दुर्दैव वाटला असता.

मुंबईत १९६३ मध्ये भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात अलामेडा आणि शेजारच्या परगण्यातील पशुवैद्यकांनी आपल्याकडील गाठी एका केंद्राकडे पाठवण्यास सुरुवात केली. त्या बदल्यात त्यांना सूक्ष्मदर्शकीय तपासणी विनामूल्य मिळे. त्या भागात कुत्री-मांजरे किती आहेत याची घरोघर पाहणीही झाली, त्यामुळे केवळ ‘इतक्या गाठी आल्या’ असे न म्हणता ‘इतक्या कुत्र्यांमागे इतक्या’ असे म्हणणे शक्य झाले. स्वित्झर्लंडमध्ये १९५५ ते २००८ या काळातील कुत्र्यांच्या तपासण्यांच्या सुमारे १ लाख २० हजार नोंदी एकत्र करून अभ्यासल्या गेल्या. परदेशी उदाहरणांनी आपले मन भरत नसेल तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीकडे पाहावे. तिथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तीही जिथे माणसे डॉक्टरकडेच येत नसत अशा गावांत जाऊन, लोकांशी बोलून आणि त्यांचा विश्वास मिळवून. आपल्याच राज्यातील एका जिल्ह्यात माणसांसाठी हे झाले, तर कोल्हापुरात प्राण्यांसाठी होण्यात अडचण कसली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अलामेडाच्या त्या नोंदींतून १९६९ मध्ये निघालेला एक निष्कर्ष आपण विद्यार्थिदशेत वाचलाच असेल. पहिल्या माजापूर्वी नसबंदी केलेल्या कुत्रीला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत अर्धा टक्का राहतो, एका माजानंतर केल्यास आठ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर सव्वीस टक्के. जगभरचे डॉक्टर हेच आकडे मालकांना सांगतात. परंतु त्या अभ्यासात कुत्र्यांची संख्या थोडी होती, आणि २०१२ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी या विषयावरचे सगळे संशोधन तपासून पुरावा कमकुवत असल्याचे म्हटले. शिवाय मोठ्या जातीच्या कुत्र्यांत फार लवकर नसबंदी केल्याने सांध्यांचे आजार वाढतात का, हा प्रश्नही पुढे आला आहे. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे जुन्या आणि परक्या मुलखातील मोजक्या कुत्र्यांवरून काढलेला आकडा आपण आज कोल्हापुरातील पामेरियन, लॅब्रॅडोर आणि कारवानी कुत्र्यांच्या मालकांना सांगत आहोत. आपल्याकडे पाळलेल्या माद्यांची नसबंदी न करणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करण्याची संधी इथे आहे. मुधोळ, कारवान, पश्मी या दख्खनच्या कुत्र्यांत कोणत्या गाठी येतात, हे पाश्चात्त्य जातींवरील पुस्तकांत सापडणार नाही. ते सांगू शकेल असा भाग कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडील मुधोळ यांच्या दरम्यानच आहे.

आता रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे वळतो, कारण त्यांना मालक नसल्याने त्यांच्या वतीने पत्र लिहिणारे कोणी नसते. संसर्गाने पसरणारी जननेंद्रियाची गाठ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लोक ‘कुत्र्याला मार लागला, रक्त येते आहे’ म्हणून दूरध्वनी करतात आणि पाहावे तर हीच गाठ असते. कर्करोगाच्या इतिहासात तिचे स्थान असाधारण आहे. रशियन पशुवैद्यक नोविन्स्की यांनी १८७६ मध्ये हीच गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली, आणि प्रयोगाने कर्करोगाचे रोपण करण्याचे ते पहिले यशस्वी उदाहरण मानले जाते. समागमातून आणि हुंगण्या-चाटण्यातून जिवंत कर्करोगपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात. म्हणजे गंगावेशेतल्या कुत्र्याच्या अंगावरची गाठ त्याच्या स्वतःच्या पेशींची नसते, ती हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या एका कुत्र्याच्या पेशींची अखंड चालत आलेली वंशावळ असते. केंब्रिजच्या अभ्यासगटाने ४३ देशांतील ५४६ गाठींची जनुके तपासून २०१९ मध्ये मांडले की, हा कर्करोग ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात उगम पावला. आणि तो बरा होतो. आठवड्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिनचे इंजेक्शन, अशा काही मात्रा दिल्या की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध ज्या सदाफुलीतून मिळते, ती कोल्हापुरातल्या निम्म्या परसांत आपोआप उगवते.

महापालिकेने चालवलेल्या किंवा मान्यता दिलेल्या नसबंदी केंद्रांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रत्येक कुत्रे डॉक्टरांच्या डोळ्यांखालून जाते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पकडलेल्या आणि नसबंदी केलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवावीच लागते. त्या नोंदीत ‘गाठ आहे किंवा नाही, असल्यास कुठे’ असा एक रकाना वाढवला, तर कोणताही जादा खर्च न करता शहरातील कोणत्या पेठेत ही गाठ किती आहे हे वर्षभरात दिसेल. मा. आयुक्तांना माझी विनंती एवढ्यापुरतीच आहे, आणि गाठ आढळलेले कुत्रे व्हिन्क्रिस्टिनच्या मात्रा पूर्ण झाल्याशिवाय परत सोडू नये, एवढी.

‘माणसांना उपचार मिळत नाहीत आणि तुम्ही कुत्र्या-मांजरांच्या कर्करोगाचे काय घेऊन बसलात’ असे मला अनेकांनी विचारले आहे. हा प्रश्न मी हलका मानत नाही. माणसांच्या प्रयोगशाळेत राहून मी त्या घरांचे हाल पाहिले आहेत. तरी त्याचे उत्तर आहे. कुत्रे आणि मांजर आपल्याच घरात राहतात, तेच पाणी पितात, तीच हवा घेतात आणि फरशीवर झोपत असल्याने धूळ व रसायने आपल्यापेक्षा जास्त अंगावर घेतात. त्यांचे आयुष्य लहान असल्याने जो परिणाम माणसात वीस-तीस वर्षांनी दिसेल तो त्यांच्यात काही वर्षांतच दिसू शकतो. १९८३ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या मेसोथेलिओमाचा (फुप्फुसांसारख्या अवयवांच्या आवरणाच्या कर्करोगाचा) अभ्यास झाला तेव्हा त्याचा संबंध मालकाच्या अॅस्बेस्टॉसशी येणाऱ्या संपर्काशी आढळला. २००२ मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी दाखवले की, ज्या घरात धूम्रपान होते तिथल्या मांजरांना लिम्फोमाचा धोका दुपटीहून अधिक असतो. मांजर स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळे केसांवर बसलेला धूर तिच्या पोटातही जातो. २००४ मध्ये स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांत मूत्राशयाचा कर्करोग आणि तणनाशक मारलेली हिरवळ यांचा संबंध नोंदवला गेला.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या शेतात तणनाशके फवारली जातात, गुऱ्हाळांच्या आणि पाणी तापवण्याच्या बंबांच्या धुरात प्राणी वावरतात, फौंड्र्यांची धूळ आहे, आणि पंचगंगेच्या पाण्याविषयी तर बोलायलाच नको. शिरोळ तालुक्यातील कर्करुग्णांविषयीची चिंता वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे व्यक्त होत आली आहे. यांपैकी अमुक गोष्टीमुळे तमुक कर्करोग होतो, असा दावा मी करीत नाही; पुराव्याशिवाय असे बोलणे हे माझ्या व्यवसायाने मला शिकवलेल्या गोष्टींच्या विरुद्ध आहे. मात्र तालुकावार नोंद असेल तर प्रश्न विचारता तरी येईल. शेतमजुराच्या वस्तीवरील कुत्री आणि शहरातील सदनिकेतील कुत्री यांच्यात लिम्फोमाचे प्रमाण वेगळे निघाले, तर माणसांच्या डॉक्टरांनाही थांबून विचार करावा लागेल.

उपचारांतही ही देवाणघेवाण झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ पासून तुलनात्मक कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला आहे. त्यात प्रयोगशाळेत मुद्दाम आजारी पाडलेले प्राणी नसतात. आपोआप कर्करोग झालेली पाळीव कुत्री मालकांच्या संमतीने नव्या उपचारांत घेतली जातात. हाडाच्या कर्करोगात पाय न कापता हाड बदलण्याची तंत्रे कोलोरॅडोत कुत्र्यांवर विकसित झाली आणि त्यांचा लाभ मुलांना झाला. ज्या आजारात कुत्र्याला मदत होते आणि त्या मदतीतून मुलाचा पाय वाचतो, त्यावर संशोधन करणे हा चैनीचा विषय आहे असे मला तरी म्हणवत नाही. आपल्याकडे बैलाच्या शिंगाचा कर्करोग जुन्या पशुवैद्यकांनी किती बारकाईने अभ्यासला होता, हेही या निमित्ताने आठवावे. बैल कमावता होता म्हणून ते झाले, आणि त्या अभ्यासाचा वारसा आपल्याच महाविद्यालयांकडे आहे.

प्रत्यक्ष कामाविषयी काही सांगतो, कारण गाठ चांगली काढली जाते आणि बाटलीत बिघडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. नमुना दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा आणि द्रव गाठीच्या आकारमानाच्या दहापट असावा. सलाइनमध्ये ठेवू नये, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये. गाठ मोठी असेल तर एक सेंटीमीटरच्या अंतराने तिला चिरा द्याव्यात, नाहीतर बाहेरचा थर पक्का होतो आणि आतला भाग कुजतो. औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ गाठ कोंबली की ती आत कडक होते आणि मग बाटली फोडावी लागते. रुंद तोंडाची बरणी वापरावी. शंकास्पद कड दोऱ्याच्या टाक्याने दाखवावी. चिठ्ठीवर प्राण्याचे वय, जात, नर की मादी, नसबंदी झाली आहे का व कोणत्या वयात, गाठीची जागा, ती किती दिवसांपासून आहे आणि प्राणी कोणत्या गावातला किंवा पेठेतला आहे, एवढे असले तरी पुरे. मालकाचे नाव नोंदवहीत येण्याची गरज नाही. शस्त्रक्रिया शक्य नसेल तिथे सुईने पेशी घेऊन काचेवर पसरल्या तरी लिम्फोमा, मास्ट पेशींची गाठ आणि संसर्गजन्य गाठ बऱ्याचदा ओळखता येते, आणि त्याला खर्च फारच थोडा येतो.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. शस्त्रक्रियेचे पैसेच कसेबसे जमवलेल्या मालकाला तपासणीचे वेगळे शुल्क सांगितले की तो ‘राहू दे’ म्हणतो, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच मा. कुलगुरूंना विनंती आहे की, विद्यापीठाच्या शिरवळ येथील महाविद्यालयाने कोल्हापूर जिल्ह्यातून येणारे नमुने काही वर्षे विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात तपासावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यातून अभ्यासासाठी साहित्य मिळेल आणि डॉक्टरांना अहवाल मिळेल. कॅलिफोर्नियात साठ वर्षांपूर्वी हाच व्यवहार ठरला होता. नोंदींचे संख्याशास्त्रीय काम शिवाजी विद्यापीठातील विभागांकडे सोपवता येईल, आणि कुत्र्यांची एकूण संख्या पशुगणनेतून घेता येईल. अशा नोंदणीत पैसेवाल्या घरांतील प्राणीच जास्त येतील आणि चित्र काहीसे एकांगी राहील, हे मला मान्य आहे. म्हणूनच शासकीय दवाखाने आणि नसबंदी केंद्रे तिच्यात पहिल्या दिवसापासून असावीत असा माझा आग्रह आहे.

आपल्यापैकी दहा-बारा दवाखाने जरी तयार झाले तरी सुरुवात करता येईल. नोंदवहीचा एक नमुना मी तयार केला आहे. तो आपल्या संघटनेच्या पुढील बैठकीत ठेवण्यास वेळ मिळावा. बरण्या भरणे, चिठ्ठ्या तपासणे, नमुने एकत्र करून शिरवळला पोहोचवणे आणि आलेले अहवाल त्या त्या दवाखान्यात नेऊन देणे ही कामे मी स्वतः विनामोबदला करीन. माझ्याबरोबर काम केलेले दोन तंत्रज्ञही त्यासाठी तयार आहेत. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
मंगळवार पेठ, कोल्हापूर